कुणाला कळवायचं, हा रकाना

"हे सक्तीचं आहे का?"

सिंगापूरमध्ये वीसेक वर्षं मी हा प्रश्न ऐकला. विचारणारे बदलले, कंपन्या बदलल्या, पासांची नावं बदलली, प्रश्न तोच राहिला. आणि मी "नाही, ऐच्छिक आहे" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तो पगारवाढ सांगितल्यावरही पसरला नसता.

माझं काम काय होतं हे आमच्या नातेवाइकांना धड कधी कळलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला अजूनही वाटतं की मी विमानतळावर होते. तर आधी ते सांगते. इथली एखादी कंपनी पुण्याहून किंवा मुंबईहून इंजिनिअर बोलावते. त्याचा कामाचा पास, म्हणजे परवाना, बायकामुलांचे पास, भाड्याचा फ्लॅट, मुलांची शाळा हे सगळं मार्गी लावायला कंपनीला वेळ नसतो. ते काम आमचं ऑफिस करायचं. पाया लेबारला एका मॉलच्या वरच्या मजल्यावर आम्ही बसायचो. माणूस आला की त्याला उतरवून घ्यायचं, त्याची कागदपत्रं लावायची आणि त्याला त्याच्या पायावर सोडून द्यायचं. पहिल्या भेटीत मी "मॅडम" असायची. पास हातात पडला की "मीनाताई" व्हायची. आणि फ्लॅटचा मालक भांडकुदळ निघाला की रोज संध्याकाळी फोन.

सक्तीच्या कागदांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते करावेच लागतात, म्हणून लोक करतात. मला कुतूहल असायचं ते ऐच्छिक कागदाचं. आपल्या देशाच्या इथल्या उच्चायुक्तालयात, म्हणजे आपण ज्याला वकिलात म्हणतो तिथे, स्वतःहून नाव नोंदवता येतं. मी अमुक, इथे राहतो, इथे काम करतो, आणि काही झालं तर अमक्याला कळवा. एवढंच. नाही नोंदवलं तरी कुणी विचारत नाही. आमच्या ऑफिसलाही त्यातून काही मिळत नव्हतं. पण मी प्रत्येकाला विचारायची, नोंदवायचं का? आणि हो म्हणाला तर का, नाही म्हणाला तर का, हेही विचारायची. माझी मुलगी रेवा इथेच वाढली. ती म्हणायची, "मा, यू सो केपो लाह." केपो म्हणजे इथल्या बोलीत नको तिथे नाक खुपसणारी बाई. आहेच मी.

कोथरूडचा केदार नावाचा एक सॉफ्टवेअर मॅनेजर होता. त्याने मला विचारलं, "मॅडम, यात माझा फायदा काय?" मी म्हटलं, बहुतेक काहीच नाही. त्याला हे उत्तर आवडलं नाही. तो घरी गेला आणि त्याने चक्क एक्सेलमध्ये तक्ता करून आणला. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे, प्रत्येकाला गुण. तोट्यांमध्ये "माझी माहिती आणखी एका ठिकाणी जाणार" असं ठळक अक्षरात होतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नव्हतं. त्याने नोंदणी केली नाही. आज तो इथे कॉन्डोत राहतो, मुलं मोठी झाली, सगळं झकास आहे. दर दिवाळीला फराळ घेऊन येतो आणि दारातच म्हणतो, "बघा ताई, काही झालं का?" नाही झालं. हे मला मान्य केलंच पाहिजे. ज्यांनी नोंदवलं नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांचं काहीच अडलं नाही.

उलट डॉक्टर सुजाता. नागपूरच्या, इथे संशोधनाला आल्या होत्या. मी "ऐच्छिक" हा शब्द पुरता उच्चारायच्या आत त्यांनी पेन काढलं. मी विचारलं, एवढी घाई कसली? त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या घरात ज्याचं नाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर आलं ते माझे आजोबा. शाळेच्या दाखल्यावर. त्यांच्या आईचं नाव, आजीचं नाव कुणी कुठे लिहिलंच नाही. त्या कधी जन्मल्या, कधी गेल्या, काही कळत नाही. म्हणून जिथे नाव लिहायला मिळतं तिथे मी लिहिते. फायदा नंतर बघू." मी त्या दिवशी घरी आल्यावर बराच वेळ तेच डोक्यात घेऊन भाजी निवडत होते. केदारच्या तक्त्यात याला किती गुण मिळाले असते कोण जाणे.

पण नाव नोंदवणं सोपं. अडतं ते पुढे. "काही झाल्यास कुणाला कळवायचं?" हा जो रकाना असतो ना, तिथे आपली माणसं काय काय करतात, हे मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. काही जण तो रकाना बघूनच पेन खाली ठेवायचे. "असं अभद्र कशाला, ताई?" जोडप्यांमध्ये नवरा बायकोचं नाव घालायचा आणि बायको नवऱ्याचं. दोघंही एकाच घरात, एकाच टॅक्सीत. आणि सगळ्यात जास्त लोक घालायचे ते घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचं नाव. वडील, आजोबा, थोरले काका. का? तर ते मोठे आहेत म्हणून. आमंत्रणपत्रिकेवर घालतात तसं.

अविनाश कदम त्यातलाच. कराडचा. तुआसला जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत इंजिनिअर. बायको शुभांगी आणि दहावीतला मुलगा कराडलाच, अविनाशच्या वडिलांजवळ. वडिलांना सगळे नाना म्हणायचे. अविनाश एकटा क्वीन्सटाउनला एका घरात खोली घेऊन राहायचा, आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये, त्यामुळे येताजाता भेटायचा. शांत, कामसू, कधी कुणाला त्रास न देणारा. नोंदणीला तो तयार झाला तो मी सारखी मागे लागले म्हणून. रकान्याशी आल्यावर मी म्हटलं, "शुभांगीचा नंबर सांग."

"नाना असताना तिचं नाव? बरं दिसत नाही, ताई."

त्याने नानांचं नाव आणि मोबाइल नंबर सांगितला. मी लिहिलं. मग तो जरा पुढे झुकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "पण एक करा हं. तशी वेळ आलीच तर नानांना फोन करू नका. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यांना टेन्शनचं काही सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलं आहे."

मी कपाळाला हात लावला. "अरे मग नाव कशाला घातलंस?"

"मान म्हणून," अविनाश म्हणाला.

मला हसूच आलं. घरात ज्या एका माणसाला काही कळू द्यायचं नाही, नेमकं त्याचंच नाव कळवण्याच्या रकान्यात. हे आपल्याशिवाय जगात कुणाला जमणार नाही. मी शुभांगीचा नंबर पुन्हा मागितला, तर "देतो नंतर" म्हणाला. मीही मग विषय सोडला, कारण मागे आणखी तिघे बसले होते.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, जेवायला बसले होते. अविनाशच्या कंपनीतल्या वेई लिंगचा फोन आला. ती तिथे कर्मचाऱ्यांचं सगळं बघायची, आणि एरवी तिच्या बोलण्यात इतका उत्साह असायचा की फोन कानापासून लांब धरावा लागे. त्या दिवशी ती हळू बोलत होती. अविनाश कामावर असताना एकाएकी कोसळला होता. ती त्याच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये होती. डोक्यात रक्तस्राव झाला होता, ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि डॉक्टर विचारत होते की हा कोणती औषधं घेतो. कंपनीच्या कागदावर कराडच्या घरचा जुना लँडलाइन नंबर होता. तो कधीच बंद झाला होता. अविनाशचा मोबाइल लॉक होता. त्याच्या घरमालकाला काही माहीत नव्हतं, आणि बायकोचा नंबर कुणाकडेच नव्हता. "मीना, यू नो हिज फॅमिली, राइट?"

जेवण तसंच टाकून मी वर आले. नोंदणीची प्रत माझ्या कॉम्प्युटरवर होती. तिच्यावर एकच नंबर होता, नानांचा.

मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, अविनाशच्या मिसेसचा नंबर कुणाकडे आहे? गणपतीहून परतताना अविनाशने आणलेले तिच्या हातचे तळणीचे मोदक सगळ्यांनी खाल्ले होते. नंबर कुणाकडे नव्हता, नावही "अविनाशच्या मिसेस" यापलीकडे कुणाला माहीत नव्हतं. तिकडे वेई लिंग दुसऱ्या फोनवर थांबली होती. समजा नानांना फोन केला आणि ऐकून त्यांनाच काही झालं तर? अविनाशने मला बजावलं होतं. घराने ठरवलेलं मोडणारी मी कोण? असं सगळं मनात चाललं होतं, आणि हात मात्र नंबर लावत होता.

"बोला," पलीकडून आवाज आला. भारदस्त, स्पष्ट.

मी आपल्याकडच्या पद्धतीने सुरुवात केली. सिंगापूरहून मीना बोलते आहे, अविनाशची तब्येत जरा बरी नाही, काळजीचं कारण नाही, पण...

"जरा म्हणजे किती?"

"तसं काही नाही, म्हणजे..." मी पुन्हा तेच सुरू केलं.

"बाई, मी एसटीत कंट्रोलर होतो," नाना म्हणाले. "गाडी येणार नसेल तर येणार नाही असं माइकवरून सांगायचो. माणूस दुसरी सोय बघतो. लपवलं की तो स्टँडवर बसून राहतो. काय झालंय ते सांगा."

मी सांगितलं. सगळं. मधे एकदा फक्त त्यांचा श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "शुद्धीवर आहे?" मी नाही म्हटलं. आणि कुठली औषधं चालू होती ते डॉक्टरांना हवं आहे, तुमच्या सूनबाईंना माहीत असेल तर त्यांच्याकडे फोन द्या, असंही म्हटलं.

"तिला नाही माहीत. थांबा जरा."

कपाट उघडल्याचा आवाज आला. नाना परत आले आणि एका गोळीचं नाव त्यांनी एकेक अक्षर करून इंग्रजीत वाचून दाखवलं. रक्त पातळ करणारी गोळी. "माझीच गोळी आहे ही. पाकिटावरून वाचतोय. गणपतीला आला होता तेव्हा त्याच्या बॅगेत हीच दिसली. माझ्याच डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आला असणार. छातीत धडधडायचं त्याला, लहानपणापासून. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सकाळ-संध्याकाळ घेतात ही. त्यांना लगेच सांगा."

एका कानाला कराड आणि दुसऱ्या कानाला हॉस्पिटल. मी वेई लिंगला नाव सांगितलं, तिने डॉक्टरला. रक्त पातळ झालेल्या माणसाच्या डोक्याला हात लावायच्या आधी त्या गोळीचा परिणाम उतरवणारं औषध द्यावं लागतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, म्हणजे ऐकू आलं, की तिकडे एकदम धावपळ सुरू झाली. नाना फोनवरच होते. म्हणाले, "सुनेला मी सांगतो. तिचा पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे. तुम्ही तिकडचं बघा."

तिच्या व्हिसाची धावपळ मी केली, तो माझा धंदाच. उच्चायुक्तालयातही फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. अविनाशची नोंद आधीच असल्यामुळे तो कोण, कुठला, हे पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. शुभांगी आली तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि अविनाशने डोळे उघडले होते. डावा हात चालत नव्हता, पण माणूस वाचला होता. डॉक्टर म्हणाले, गोळीचं वेळेवर कळलं हे फार बरं झालं. माझ्या जिवात जीव आला.

शुभांगीच्या मात्र आला नाही. ती आमच्याकडेच राहिली होती. हॉस्पिटलमधून यायची, जेवायची, भांडी घासायला लागायची, मी नको म्हटलं तरी. एकदा हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाली, "ताई, माझ्या नवऱ्याची गोळी माझ्या सासऱ्यांना माहीत. तुम्हाला माहीत. त्या चिनी मुलीला माहीत. मलाच नाही." मी नळ बंद केला आणि तिच्याजवळ उभी राहिले. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि अविनाशचा राग आला. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचा राग येणं बरं नव्हे, पण आला.

हळूहळू हात सुधारला. कंपनीने त्याला ऑफिसातलं काम दिलं आणि तो परत तुआसला जायला लागला. शुभांगी मुलासाठी कराडला गेली. आणि मला एक नवीन गिऱ्हाईक मिळालं. महिन्यातून एकदा नानांचा फोन यायचा. "बाई, खरं सांगा. इथे सगळे ठणठणीत आहे म्हणतात. म्हणजे कसा आहे?" मी खरं सांगायची. जिना चढताना थांबतो, वजन वाढलं आहे, परवा पोळीभाजी सोडून तळलेलं खात होता. नाना म्हणायचे, "हां. आता कळलं." मग विचारायचे, तिकडे पाऊस आहे का, तुमच्या रेवाचं कसं चाललंय. फोन ठेवल्यावर मला दर वेळी बरं वाटायचं, का ते सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी मी काम थांबवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. नाना होते. आवाज बसला होता. कराडच्या दवाखान्यातून, तिथल्या सिस्टरचा फोन मागून बोलत होते.

"बाई, माझी गाडी आता फार लांब जायची नाही. अविनाशला सांगायचं नाही असं घरात ठरलंय. त्याचं बीपी वाढेल म्हणून. ठरवण्यात सूनबाई सगळ्यात पुढे आहेत." ते थोडं हसले, मग खोकले. "त्याच्या कागदावर माझं नाव होतं. म्हणून मला वेळेत कळलं. माझ्या कुठल्याच कागदावर त्याचं नाव नाही. तर तुम्ही कळवा."

शुभांगी सगळ्यात पुढे. हातात पातेलं धरून उभी राहिलेली शुभांगी. मला तिचा राग नाही आला. नवऱ्याला जपत होती बिचारी, जसं तो तिला जपत होता. एकमेकांना जपता जपता ही माणसं एकमेकांना किती एकटं पाडतात, एवढंच वाटलं.

मी अविनाशला फोन लावला. इतकी वर्षं झाली, हे सगळं बघून झालं, आणि तरीही माझ्या तोंडून काय निघालं? "अविनाश, नानांची तब्येत जरा बरी नाही रे..."

"जरा म्हणजे किती?" अविनाश म्हणाला.

तोच आवाज, तसंच तोडून बोलणं. मी सगळं सांगितलं. तो त्याच दिवशीच्या विमानाने गेला. नाना शुद्धीवर होते, बोलले, त्याच्या डाव्या हाताची मूठ वळवून बघितली. ते गेले तेव्हा अविनाश जवळ होता.

दिवस-कार्य आटोपून तो परत आला आणि एका रविवारी आमच्या घरी आला. नोंदणीतलं नाव बदलायचं होतं. हे त्याला मोबाइलवर स्वतःला करता आलं असतं, मी तसं म्हणालेही. म्हणाला, "तुमच्यासमोरच करतो." टेबलाशी बसला. रकान्यातलं नानांचं नाव बघत राहिला. मी घाई केली नाही. मग त्याने ते काढलं आणि तिथे शुभांगीचं नाव घातलं, नंबरासकट.

मला वाटलं, झालं. पण त्याने फोन उचलून कराडला लावला.

"शुभांगी, मी मीनाताईंकडे आहे. त्या नोंदणीत तुझं नाव घातलंय. काही झालं तर पहिलं तुला कळवतील." तिकडून ती काहीतरी म्हणाली, बहुधा अभद्र बोलू नका असंच. "ऐक तर. परवा मी इथे डॉक्टरकडे गेलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. सांगतो आता."

मी उठून आत गेले आणि चहा टाकला. दोघांचा टाकला. तो उकळला, गाळला, कपांत ओतला, गार झाला. अविनाश अजून बोलत होता.